वारा पडेपर्यंत

समुद्र माणसाला नम्र करतो. हे वाक्य बंदरांवरच्या उपाहारगृहांत चौकट करून लावलेलं असतं आणि ते वाचून लोक गंभीर चेहऱ्याने चहा मागवतात. कॅप्टन एकवीस वर्षं समुद्रावर जात होते आणि त्यांच्यात नम्रता औषधालासुद्धा सापडली नसती.

ते खरे कॅप्टन नव्हते. नकाशे छापणाऱ्या सरकारी खात्यात त्यांनी जन्म काढला. नोकरीत असतानाच एक जुनी शिडाची बोट घेतली, पुस्तकात बघून ती हाकायला शिकले, आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा न आपटता धक्क्याला लागली त्या दिवसापासून घरचे त्यांना कॅप्टन म्हणू लागले. घरच्यांनी ते थट्टेत म्हटलं होतं. त्यांनी ते नेमणूक म्हणून स्वीकारलं.

धाकट्या बहिणीच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून कॅप्टननी बहिणीला आणि मेहुण्यांना बोटीवर बोलावलं. आठ दिवस, पाच बेटं, घाई कसलीच नाही. मेहुणे दातांचे डॉक्टर. लिफ्टमध्येसुद्धा कठडा धरून उभे राहणारा माणूस. ते पहिल्या झटक्यात ‘हो’ म्हणाले तेव्हा त्यांच्या बायकोने चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं होतं.

‘हो’ म्हणण्याला कारण होतं. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांचा उजवा हात थरथरायला लागला होता. फार नाही, अगदी बारीक. झाडाचं पान हलतं का नाही असा वाद व्हावा, इतपत. पण दातांचं काम मिलिमीटरचं असतं आणि जबड्याच्या टोकाशी सुई टोचताना वादाला जागा नसते. दवाखाना बंद करायचा, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त बायकोला सांगायचं राहिलं होतं, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

कारण दवाखाना एकट्या डॉक्टरांचा नव्हता. बाहेरच्या टेबलावर सव्वीस वर्षं त्यांची बायको बसत होती. नंबर लावणं, फोन घेणं, रडणाऱ्यांना पाणी देणं, पळून जाणाऱ्यांना दारात गाठणं, आणि काम अवघड असलं की आत येऊन डॉक्टरांच्या हातात हत्यारं देणं. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. कामाच्या वेळेत डॉक्टरही बाईच म्हणायचे. डॉक्टर थांबले की बाईंचं टेबलही थांबणार, आणि ते टेबल नसलेल्या बाई कशा दिसतील हे डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. घरी सांगायला जावं तर फोन वाजायचा, दवाखान्यात पेशंट. म्हणून त्यांनी समुद्र निवडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाणी शांत असताना सांगायचं. वाक्यसुद्धा तयार होतं.

तोवर नशिबाने त्यांना सांभाळून घेतलं होतं. या आठ महिन्यांत गावात अवघड दाढा निघणंच जवळजवळ थांबलं. यायच्या त्या किरकोळ साफसफाया, बारीकसारीक भरणं. डॉक्टर दरवर्षी शाळांमधून दात घासण्यावर भाषणं द्यायचे. त्याचं फळ एकाएकी पदरात पडलेलं बघून त्यांना भरून आलं होतं. दंतवैद्यांच्या त्रैमासिकात त्यांनी ‘एका गावाचे दात सुधारतात तेव्हा’ असा लेखही लिहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं.

“दादा, ते काळं काय आहे?” बाईंनी विचारलं.

“ढग.”

“तो दिसतोय मला. आपण काय करायचं?”

“शांतपणे जवळच्या बेटाकडे वळायचं. याला माघार म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“मार्गात बदल,” कॅप्टन म्हणाले आणि सुकाणू इतक्या घाईने फिरवलं की थर्मास खाली पडला.

बेटाचं बंदर म्हणजे एक दगडी धक्का, दुहेरी दोरांनी बांधलेल्या चार मासेमारीच्या बोटी आणि पत्र्याचं धुराडं असलेली एक खोली. धक्क्याला लागेपर्यंत वारा असा सुटला की डोलकाठीच्या दोऱ्या शिट्ट्या घालायला लागल्या. पुढचे बारा-चौदा तास तिघं बोटीच्या केबिनमध्ये होती. ती केबिन दोन माणसांसाठी केलेली होती, आणि तीही एकमेकांवर प्रेम असलेल्या. कॅप्टनचे गुडघे डॉक्टरांच्या पोटाशी होते. अशा वेळी नवऱ्याने बायकोला काही खासगी सांगायचं म्हणजे मेहुण्याला बरोबर घेऊनच सांगावं लागतं. तयार वाक्य पोटातच राहिलं.

पण एक गंमत झाली. सकाळी कॅप्टननी सूप ओतलं ते निम्मं बशीत, निम्मं नकाशावर. बाईंनी पेला उचलला तर तो दातावर आपटला. सगळी बोटच थरथरत होती आणि बोटीतल्या प्रत्येकाच्या हाताला कंप होता. डॉक्टरांनी सूप सांडलं तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना माणसांत आल्यासारखं वाटलं. वादळाचे आभार कसे मानतात हे त्यांना माहीत नव्हतं, नाहीतर त्यांनी मानले असते.

थोड्या वेळाने केबिनच्या वरच्या झाकणावर ठोठावून बंदरमास्तर आत डोकावले. साठी उलटलेला माणूस. हनुवटीपासून डोक्यापर्यंत मफलर बांधलेला, त्यातून डावा गाल उकडलेल्या बटाट्यासारखा बाहेर आलेला.

“खोलीत चला,” ते अर्ध्या तोंडाने म्हणाले. “शेगडी पेटलीय. इथे किती वेळ एकमेकांच्या मांडीत बसणार?”

खोलीत शेगडी होती, एक लांब टेबल, दोन रजिस्टरं, एक बंद पडलेलं घड्याळ, आणि दाराला टांगलेली काळी पाटी. या पाटीवर मास्तर रोज सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी पाचला वारा लिहायचे. किती, कुठून, आणि वाढतोय का पडतोय. मासेमार ती वाचून बाहेर पडायचे, किंवा पुन्हा झोपायचे.

“गाल?” कॅप्टननी विचारलं.

“दाढ. नववा दिवस. आधी पाटी कोण लिहिणार म्हणून मी गेलो नाही. आता जाईन म्हणतो तर लाँच येत नाही.”

“आमचे मेहुणे दातांचे डॉक्टर आहेत,” कॅप्टन म्हणाले. देणगी जाहीर करावी तसे.

मास्तरांनी मफलर सोडायला सुरुवात केली. डॉक्टरांनी उजवा हात खिशात घातला.

“बघायला मी केव्हाही बघेन हो,” ते म्हणाले, “पण हत्यारं कुठायत जवळ? सुट्टीवर आलोय आम्ही.”

“आहेत,” बाई म्हणाल्या.

“कुठे?”

“माझ्या पिशवीत. लाल डबा. आपण सुट्टीवर गेलोय आणि तिथे कुणाची दाढ दुखली नाही, असं कधी झालंय?”

डब्यात चिमटा होता, आरसा होता, बधिर करायचं इंजेक्शन होतं, गोळ्या होत्या. बाईंचा स्वभावच असा. डॉक्टरांनी त्या स्वभावाचं तीस वर्षं कौतुक केलं होतं, फक्त त्या क्षणी जरा कमी पडले.

मास्तर खुर्चीत बसले, बाईंनी टॉर्च धरला, डॉक्टरांनी छोटा आरसा आत घातला. आरशाची कड दाढेवर टकटक वाजू लागली. पण वाऱ्याने खिडकीची तावदानं खडखडत होती, धुराडं खडखडत होतं, भिंतीवरच्या खिळ्याला लावलेले वाढायचे डाव एकमेकांवर आपटत होते. त्या कल्लोळात एका दाढेला कोण विचारतो?

“सूज फार आहे,” डॉक्टर म्हणाले. “आत्ता काढणं बरोबर नाही. दोन दिवस गोळ्या घ्या, मग बघू.”

वैद्यकशास्त्राप्रमाणे हे शब्दन् शब्द खरं होतं. खोटं बोलायची वेळ यावी आणि नेमकं खरंच हाताशी सापडावं, असं भाग्य क्वचित लाभतं. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाईंनी पिशवीतून छोटी वही काढली.

“परवा सकाळी अकरा,” त्यांनी लिहून घेतलं.

“अगं, बेटावर एक पेशंट आहे. वेळ कसली देतेस?”

“साडेदहाला त्यांची पाटी असते.”

मास्तरांनी मान डोलावली. या बाईंशी आपलं जमणार, असं त्यांच्या सुजलेल्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पुढचे दोन दिवस वारा मागे हटायला तयार नव्हता. चौघं त्या खोलीत राहिली, उकडलेले बटाटे आणि पाव खाल्ला, पत्ते खेळली. कॅप्टन आणि मास्तर वाऱ्यावरून भांडायचे.

“पश्चिमेचा आहे,” कॅप्टन म्हणायचे.

“नैऋत्येचा.”

“माझ्या होकायंत्रात पश्चिमेचा दिसतोय.”

“मग होकायंत्राला बाहेर उभं करा आणि विचारा.”

भांडणात दोघांनाही मजा येत होती. शेजारच्या मासेमारी बोटीवरचे जाड भिंगाचे एक काका अधूनमधून डोकावून पाटीतल्या चुका काढून जायचे. डॉक्टर शेगडीपाशी अर्धाच कप चहा घेऊन बसायचे आणि बाईंना एकटं गाठायची संधी शोधायचे. ती दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. बोटीचे दोर बघायला दोघं धक्क्यावर गेली. बाई पुढे, टोपडं कानांवर ओढून, गाठी मोजत. डॉक्टर मागे. वारा तोंडातला शब्द तोंडातच कोंबत होता. इथे कुणाला ऐकू जाणार, असं मनात आलं आणि डॉक्टरांनी सगळ्या ताकदीनिशी ओरडून सांगितलं, “माझा हात थरथरतोय! दवाखाना बंद करू या!”

बाईंनी पाचवी गाठ तपासली आणि सहावीकडे वळल्या.

आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य बोलूनही काहीच कोसळलं नाही, याचं डॉक्टरांना इतकं समाधान वाटलं की त्यांनी ते पुन्हा एकदा ओरडून म्हटलं. मग दोघं परत आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना जाग आली ती कशाने ते त्यांना कळेना. मग लक्षात आलं, शांततेने. तावदानं गप्प होती. डाव सरळ लटकत होते. साडेदहाला मास्तर बाहेर गेले, ओलं बोट वर धरून उभे राहिले, आणि पाटीवर लिहिलं: वारा नाही.

त्यांचा गालही निम्म्याने उतरला होता. अकराला ते तोंड धुऊन, केस विंचरून खुर्चीत येऊन बसले. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं. बाईंनी टॉर्च धरला. कॅप्टन टेबलाशी नकाशा वाळवत बसले होते.

डॉक्टरांनी आरसा आत घातला.

टिक टिक टिक टिक.

कॅप्टननी मान वर केली. “घड्याळ सुरू झालं वाटतं?”

आरसा वाजतच राहिला. डॉक्टरांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते, एखाद्याने आपलं सगळं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन टाकल्यासारखे. डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला, इंजेक्शन खाली ठेवलं. तयार केलेलं वाक्य त्यांना आठवलं नाही. आठवलं असतं तरी ते या माणसासाठी नव्हतं.

“मास्तर,” ते म्हणाले, “माझा हात थरथरतो. आठ महिने झाले. मी तुमच्या दाढेला हात लावणार नाही.”

मास्तर तोंड उघडं ठेवून बघत राहिले. बाईंनी टॉर्च बंद केला. इंजेक्शनच्या सुईवर टोपण बसवलं, ते डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण लावलं.

“तोंड मिटा, मास्तर,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “साडेआठ.”

“काय साडेआठ?”

“महिने. साडेआठ झाले. त्या वकिलीणबाईंचं भरण केलंत तेव्हापासून.”

डॉक्टर शेजारच्या स्टुलावर बसले. “तुला माहीत होतं?”

“अहो, त्या हातात सव्वीस वर्षं हत्यारं देतेय मी. मला नाही कळणार?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.”

“आणि मधल्या मध्ये माझ्या हातून कुणाला इजा झाली असती तर?”

“कशी होईल? अवघड काही तुमच्यापर्यंत पोचूच दिलं नाही. सगळ्या वेड्यावाकड्या दाढा बुधवारी.”

बुधवारी शेजारच्या शहरातून एक तरुण डॉक्टर यायचा. पूर्वी तासभर यायचा. हल्ली त्याला जेवायला वेळ होत नाही, असं तो एकदा म्हणाला होता आणि डॉक्टरांना ते नव्या पिढीचं नाटक वाटलं होतं. आता त्यांनी मनातल्या मनात गेले आठ महिने पुन्हा एकदा मांडून पाहिले. उत्तर यायला वेळ लागला नाही.

“म्हणजे गावाचे दात...”

“गावाचे दात होते तसेच आहेत,” बाई म्हणाल्या.

“पण तो लेख?” कॅप्टन म्हणाले. लेखाची प्रत त्यांनाही पोस्टाने आली होती.

“छापून आला की.”

“टाइप तूच केला होतास,” डॉक्टर म्हणाले.

“हो.”

“एकदाही वाटलं नाही, सांगावं?”

“वाटलं. पण तुम्ही इतके खूश होतात. एक शुद्धलेखनाची चूक होती, तेवढी काढली.”

कॅप्टननी नकाशा तोंडासमोर धरला. नकाशा बराच वेळ हलत होता. शेवटी मास्तरांनाच राहवलं नाही. ते हसायला लागले, गालाला हात लावून कळवळले आणि पुन्हा हसले. मग डॉक्टरही हसले. साडेआठ महिन्यांचं हसू साठलेलं असल्यामुळे ते आवरायला वेळ लागला.

“माझं असंच झालं होतं,” मास्तर डोळे पुसत म्हणाले. “पूर्वी मी बोटी आत आणायचो. खडकांमधून. मग डोळे अधू झाले. कुणाला सांगायला दीड वर्ष घेतलं. त्या दीड वर्षात चार बोटी खडकांना लागल्या.”

“बुडाल्या?” कॅप्टननी विचारलं.

“नाही हो. रंग खरवडला. पण शिव्या अजून खातोय. तुम्ही बरे, एकही न लावता सांगून मोकळे झालात.”

“मी नाही,” डॉक्टर म्हणाले आणि बायकोकडे बोट दाखवलं. बोट थरथरत होतं. त्यांनी ते खाली घेतलं नाही.

मास्तरांच्या दाढेचा निकाल बाईंनीच लावला. गोळ्या आणखी तीन दिवस. लाँच दोन दिवसांनी सुरू होईल; ती जिथे लागते तिथून दवाखाना तासाभराच्या अंतरावर. “येत्या बुधवारी सकाळी साडेनऊ,” त्यांनी वहीत लिहिलं. “पहिला नंबर. पाटीचं बघायला कुणीतरी ठेवा.”

“कुणाला ठेवू?”

“शेजारच्या बोटीवरचे ते जाड भिंगाचे काका तीन दिवस तुमच्या चुका काढतायत. त्यांनाच ठेवा.”

वारा पडला तरी लाटा एक दिवस मागे राहतात, असं कॅप्टनच्या पुस्तकात होतं. त्यामुळे तो दिवसही बेटावरच काढायचा ठरला. आता कुणालाच घाई नव्हती. संध्याकाळी डॉक्टर आणि बाई धक्क्याच्या टोकाशी जाऊन बसली. ओले दगड, वाळत घातलेली जाळी, पलीकडे कॅप्टन शिडाची शिवण तपासत आणि मास्तर त्यांना ती कशी तपासायची ते सांगत. पाणी हलत होतं, पण रागावलेलं नव्हतं.

“मला एवढंच वाटत होतं,” डॉक्टर म्हणाले, “दवाखाना बंद केला तर तुझं टेबल...”

“बंद कशाला करायचा? बुधवारच्या डॉक्टरांना मी मागच्या महिन्यातच विचारून ठेवलंय. रोज यायला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे.”

“माझं नाव पाटीवर राहावं?”

“नाही. मी टेबलावर राहावं.”

डॉक्टरांना हे पचवायला थोडा वेळ लागला. सव्वीस वर्षं आपण एक दवाखाना चालवतो, असं ते धरून चालले होते. वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी वाटून घ्यायचा प्रयत्नही केला. पण आत कुठेतरी, एखादी खोली रिकामी करून झाडून काढावी तसं स्वच्छ वाटत होतं. आठ महिने ते जे दगडासारखं एकटे वाहत होते, त्याचं दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं. रोज सकाळी नऊपासून, न बोलता, नंबर लावत. आणि हे कळायला तीन दिवस वादळ लागलं, एका परक्या माणसाची दाढ लागली. दोघांचेही उपकार होते. दाढेचे तर मानताही येत नव्हते.

“मी तुझा फार आभारी आहे,” ते म्हणाले.

“असं समारंभात बोलल्यासारखं बोलू नका.”

“मग कसं बोलू?”

“बोलू नका. चहा घ्या.”

बाईंनी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि कप त्यांच्यापुढे धरला. काठोकाठ भरलेला. डॉक्टरांनी तो उजव्या हातात घेतला. थोडा बोटांवर सांडला, थोडा पँटवर. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. फक्त आपला पाय जरासा बाजूला घेतला. उरलेला चहा डॉक्टरांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तो अर्ध्या कपापेक्षा बराच जास्त होता.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. राहिलेल्या बेटांपैकी एकही झालं नाही, आणि त्याबद्दल कॅप्टन सोडून कुणी हळहळलं नाही.

घरी आल्यावर त्याच आठवड्यात बुधवारच्या डॉक्टरांशी बोलणं पक्कं झालं, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी बाई डॉक्टरांना एका फिजिशियनकडे घेऊन गेल्या. इतके महिने डॉक्टर कुठल्याच डॉक्टरकडे गेले नव्हते. त्यांनी स्वतःच एका जुन्या जाडजूड पुस्तकात बघून सगळ्यात वाईट रोग स्वतःसाठी निवडून ठेवला होता. फिजिशियनने हात पुढे करायला सांगितला, गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जरा जास्त काम करत होती. त्यासाठी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. सात आठवड्यांत हात थांबला. तोवर दवाखान्याची पाटी बदलून झाली होती.